रे. म. हलकुडे, रीडर, बार्शी

दादासाहेब गुंजकरांच्या बंगल्यावर मी अर्धा तास आधीच पोचलो. एसटी उशिरा येणार हे धरून घरातून निघालो होतो आणि ती नेमकी वेळेवर आली. व्हरांड्यात कुणी नव्हतं. आतून कपबशांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. साडेदहाला दार वाजवावं की अकराची वाट बघावी हे ठरेना, म्हणून मी व्हरांड्याच्या डाव्या कोपऱ्यात, विजेच्या मीटरच्या पेटीखाली जाऊन उभा राहिलो. परक्या घरी गेलं की माझे पाय आपोआप तिकडंच वळायचे. तेव्हा मला वीज मंडळात मीटर रीडर होऊन एकोणीस वर्षं झाली होती. लोकांच्या घरातली माझ्या सगळ्यात ओळखीची जागा म्हणजे ती पेटी.

प्रवासात चष्म्यावर धूळ बसली होती. तो काढून मी रुमालात धरला, खिशातला कागद काढला आणि त्यावरचं पाठ केलेलं तोंडातल्या तोंडात म्हणू लागलो. आठवेना झालं की मान वर करायची, डोळे बारीक करायचे, आठवलं की पेन्सिलीनं कागदावर खूण करायची, असं चाललं होतं. त्या कागदावर नऊ कादंबऱ्यांबद्दलची माझी मतं होती. माझं मत कुणीतरी टपालानं बोलावून घ्यावं असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. ते नीट मांडता यावं, एवढीच मला काळजी.

बोलावणं कसं आलं ते सांगायला हवं. मी बार्शीच्या वाचनालयाचा जुना सभासद. ऐतिहासिक आणि रहस्य, या दोन कपाटांतलं एकही पुस्तक मी सोडलं नव्हतं. घरोघर मीटर बघत फिरणाऱ्या माणसाला हीच दोन कपाटं जवळची वाटणार. प्रत्येक घरात एक जुना पराक्रम सांगितला जातो आणि एक गोष्ट लपवली जाते. पुस्तक वाचून झालं की मी लेखकाला पत्र टाकायचो. पान त्र्याण्णववर अमावास्या आहे, पान पंच्याण्णववर त्याच रात्री नायिका चांदण्यात न्हाऊन निघते, कृपया खुलासा व्हावा. अशी दीडशेच्या वर पत्रं मी लिहिली. उत्तरं दोन आली. एका पाकिटात प्रकाशकाची पुस्तकांची यादी होती. दुसरं पत्र एका लेखकाच्या मुलाचं होतं. वडील वारले, तुमचं पत्र त्यांना शेवटपर्यंत दाखवलं नाही, असं त्यानं कळवलं होतं.

मग पुण्याहून निघणारं एक मासिक माझी पत्रं छापू लागलं. खाली मी लिहायचो, रे. म. हलकुडे, मीटर रीडर, बार्शी. एका अंकात जागा कमी पडली असेल, 'मीटर' गळालं आणि 'रीडर' राहिलं. विद्यापीठात प्राध्यापकाच्या एक पायरी खालच्या माणसालाही रीडर म्हणतात, हे मला ठाऊक होतं. चूक दुरुस्त करा म्हणून संपादकांना लिहायला हवं होतं. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माझ्या हातून ते पत्र मात्र लिहून झालं नाही. पुढचे सहा अंक मी 'रीडर' म्हणूनच छापून आलो, आणि सत्त्याण्णव सालच्या गणपतीनंतर शेजारच्या जिल्ह्यातून एक जाड पाकीट आलं. वर लिहिलं होतं, आदरणीय रीडर डॉ. हलकुडे.

त्या गावाचं नाव मी सांगत नाही, कारण दादासाहेबांची नातवंडं अजून तिथं नांदतात. दादासाहेबांची सरकीची गिरणी होती. त्यांच्या आई भागीरथीबाई सकाळी ऐतिहासिक कादंबरी वाचायच्या आणि दुपारी रहस्याची. आईच्या माघारी त्यांनी तिच्या नावानं पुरस्कार सुरू केला होता आणि तो या दोन जातींच्या पुस्तकांपुरताच ठेवला होता. यंदा तीन परीक्षकांत मी असावं अशी त्यांची विनंती होती. महानंदेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पत्र वाचलं आणि हे डॉक्टर हलकुडे कोण म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. तिचं म्हणणं पडलं की जावं, पण जास्त बोलू नये, नाहीतर कुणीतरी गुडघा दाखवायला पुढं करील.

आठवड्यानं नऊ कादंबऱ्यांचं पार्सल आलं आणि मी दीड महिना ड्युटी सोडून दुसरं काही केलं नाही.

त्यातल्या पाच ऐतिहासिक होत्या. पाचही कादंबऱ्या पहाटे धुक्यात, टापांच्या आवाजानं सुरू होत होत्या. त्यातल्या त्यात मोठी 'बुरुजावरचा वणवा', आठशे बारा पानांची. लेखक विनायकराव खडकीकर निवृत्त तहसीलदार होते आणि ते पानापानावर कळत होतं. लढाई लागण्याआधी ते रणांगणाच्या चतुःसीमा सांगायचे. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गायरान, दक्षिणेस कोण्या निंबाजीचं शेत, मग उत्तरेकडून शत्रू यायचा. नायक रायाजी पान दोनशे दहावर चांदणी नावाच्या पांढऱ्या घोडीवर बसून ओढ्यात शिरतो आणि दोनशे अकरावर काळ्या घोड्यावर बसून बाहेर येतो. नायिका त्रेचाळीस वेळा लाजते. मी मोजलं. त्यातली एक वेळ तर ती तोफेला बत्ती देत असताना.

चार रहस्यकथा होत्या. एकीतला गुप्तहेर सोलापूरच्या वैशाखात ओव्हरकोट घालून हिंडतो आणि कुणालाही तो वेडा वाटत नाही. दुसरीत पान चाळीसवर खून झालेला मुनीम पान एकशे दोनवर सगळ्यांबरोबर चहा घेतो. हे भूत असेल म्हणून मी शेवटपर्यंत वाट बघितली. भूत नव्हतं, लेखक विसरला होता. तिसरीत जुळा भाऊ निघाला.

चौथी होती 'साडेचारचा डोस'. लेखिका हेमलता मेस्त्री, देवगड तालुक्यातल्या एका दवाखान्यात परिचारिका. तिच्या पुस्तकातही लहान सरकारी दवाखाना आहे. एक म्हातारी मरते. वय झालं होतं, म्हणून सगळे गप्प. ड्युटीवरची नर्स सुमित्रा बघते तर साडेचारचं इंजेक्शन दिल्याची नोंद वहीत आहे आणि इंजेक्शनची कुपी भरलेलीच आहे. बस, एवढंच. गुप्तहेर नाही, दिवाणखान्यात सगळ्यांना गोळा करणं नाही. कुणी केलं ते सुमित्राला कळतं आणि सिद्ध करता येत नाही. शेवटी त्या माणसाची बदली होते, निरोपसमारंभ ठरतो आणि हार घालायला सुमित्रालाच पुढं करतात. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि महानंदेनं दोनदा जेवायला हाक मारली तरी उठलो नाही. मग मी ते सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तर असा मी, तो कागद घेऊन त्या व्हरांड्यात उभा होतो. अकराला पाच कमी असताना दादासाहेबांनीच दार उघडलं. पांढरा झब्बा, साठीचे, अंगानं भरलेले. ते माझ्याकडं जरा चमकून बघत राहिले, मग या रीडरसाहेब म्हणून आत घेऊन गेले. आत गारेगार होतं. प्राचार्य डिग्गीकर आणि ॲडव्होकेट माळेगावकर आधीच येऊन बसले होते. डिग्गीकर चार महाविद्यालयं करून निवृत्त झाले होते आणि समोरचा प्रत्येक माणूस आपला विद्यार्थी असल्यासारखे बोलत. माळेगावकर वकिलांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की ते कुठल्याही पुस्तकाचं पहिलं आणि शेवटचं पान वाचतात, मधला सगळा युक्तिवाद असतो.

चहा संपायच्या आत निकाल लागला होता. डिग्गीकरांनी फाइलीतून टाइप केलेला कागद काढला. 'बुरुजावरचा वणवा' या कादंबरीस एकमताने. खाली तीन नावं, दोन सह्या झालेल्या. गतकाळाचं तेजस्वी चित्रण, अंगावर काटा आणणारी रणवर्णनं, ओजस्वी शैली, असं बरंच काही त्यात होतं. खडकीकर हे दादासाहेबांचे व्याही, हे मला त्याच वेळी कळलं, तेही वकिलांनी सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून.

महानंदेचा सल्ला मला आठवत होता. तरी मी विचारलं, की सरांना या कादंबरीतलं कुठलं स्थळ सर्वांत आवडलं.

"संपूर्ण," डिग्गीकर म्हणाले.

मी ओढ्याची गोष्ट काढली. पांढरी घोडी आत जाते, काळा घोडा बाहेर येतो.

"युद्धात घोडे बदलतात," वकील म्हणाले.

"ओढ्याच्या मध्यात?"

"पाणी किती होतं त्यावर आहे."

मग मी कागद उघडला आणि 'साडेचारचा डोस'बद्दल बोलू लागलो. किती वेळ बोललो ते सांगता येणार नाही. एरवी मी दारातून ओरडून फक्त "लाइटवाला" म्हणणारा माणूस. त्या दिवशी मात्र मी सुमित्राबद्दल, त्या भरलेल्या कुपीबद्दल, निरोपाच्या हाराबद्दल बोललो. डिग्गीकर छताकडं बघत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, या बाई कोण. मी म्हटलं, दवाखान्यात परिचारिका आहेत. ते 'परिचारिका' हा शब्द दोनदा हळूच म्हणाले आणि म्हणाले की रहस्यकथेला पुरस्कार देऊन आपण समाजाला काय देणार आहोत, याचा विचार एका रीडरनं तरी करायला हवा. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत त्यांनी विचारलं,

"तुम्ही कोल्हापूरला की औरंगाबादला? कुठल्या विद्यापीठात?"

खोटं बोलायची संधी मला होती. पण हेमलता मेस्त्रींच्या पुस्तकाबद्दल बोलून झाल्यावर लगेच खोटं बोलणं जमेना. मी कागदाची घडी केली.

"मी विद्यापीठात नाही सर. मी वीज मंडळात आहे. मीटर रीडर."

गार हवेच्या यंत्राची घरघर चालू होती. डिग्गीकरांच्या चेहऱ्यावर हसू पसरू लागलं. वकील म्हणाले, ही तोतयेगिरी झाली, याला कलम आहे. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात दादासाहेब, जे चर्चेत आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते, ते पुढं झुकले.

"मघाशी तुम्ही व्हरांड्यात उभे होता," ते म्हणाले. "मी खिडकीतून बघत होतो."

"हो. अर्धा तास झाला असेल."

"वर बघत होता. कागदावर लिहीत होता."

"माझं टिपण आहे ते."

"काय काय आहे त्यात?"

"सगळं आहे," मी म्हणालो. मला वाटलं, निदान एकाला तरी माझ्या मतांची चौकशी करावीशी वाटली. "जे दिसलं ते सगळं लिहिलंय, काही सोडलेलं नाही. इथंच तोंडी सांगून मिटावं असं मनात होतं. इथं ऐकून घेतलं नाही तर मग लेखी पाठवावं लागेल."

लेखी म्हणजे मासिकाकडं, असं मला म्हणायचं होतं. दादासाहेबांनी मानेवरून रुमाल फिरवला. एवढ्या गारव्यात त्यांना घाम आलेला बघून मला त्यांची काळजी वाटली.

"हलकुडेसाहेब, तुम्हाला काय हवंय ते सांगा."

"मला काही नको. जे खरं आहे ते मान्य व्हावं, एवढंच."

"त्या नर्सबाईंचं पुस्तक."

"हो."

दादासाहेब डिग्गीकरांकडं वळले. म्हणाले, आईचा पुरस्कार आहे, आई साधी वाचक होती, तेव्हा साध्या वाचकाचा शब्द शेवटचा. त्या एका वाक्यानं प्राचार्यांच्या मतात जो बदल झाला तो मी डोळ्यांनी बघितला. तेही म्हणाले की आपल्यालाही मघापासून ती कादंबरी आतून अस्वस्थ करत होती. वकिलांनी तिचं शेवटचं पान मागून घेऊन वाचलं आणि हरकत नाही म्हणाले. फक्त टाइप करणारे क्लार्क घरी गेले होते, म्हणून त्याच निकालपत्रावर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव तेवढं खोडून हातानं दुसरं लिहिलं. रणवर्णनं तशीच राहिली. मी म्हणालो, यात लढाई नाही. डिग्गीकर म्हणाले, आयुष्य हीच लढाई असते. मी सही केली. जिंकलेल्या माणसानं घासाघीस करू नये असं मला त्या वेळी वाटलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो आणि माझं मलाच हसू येत होतं. एका मीटर रीडरनं एका प्राचार्याला आणि एका वकिलाला नुसत्या बोलण्यानं फिरवलं होतं, तेही खरं सांगून. पुढचे दोन महिने मी ही हकिकत बार्शीत ज्याला त्याला सांगितली. वाचनालयानं माझं भाषण ठेवलं, विषय 'मत कसे मांडावे'. अकरा माणसांसमोर मी पाऊण तास बोललो आणि मुद्दा सोडू नये, आवाज चढवू नये, समोरच्याच्या विवेकाला हात घालावा, असं सांगितलं. महानंदा मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. घरी येताना ती एवढंच म्हणाली की ते घाम आल्याचं तिला काही समजलं नाही. मी म्हटलं, विवेक जागा झाला की येतो.

पुरस्काराचा कार्यक्रम जानेवारीत, दुपारी चारला, बंगल्यासमोरच्या हिरवळीवर होता. मी पोचताच दादासाहेबांनी माझा हात धरला आणि मला बाजूला नेलं, थेट व्हरांड्याच्या डाव्या कोपऱ्यात. पेटी नवी कोरी होती. आत मीटरची चकती भराभर फिरत होती.

"पंधरा दिवस झाले बसवून," ते हलक्या आवाजात म्हणाले. "समक्ष बघून घ्या. तुमचा तो कागद आता फाडायला हरकत नाही."

मला कळेना. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत राहिले. जुना मीटर चार वर्षं बंद करून ठेवला होता, चूक झाली, कबूल. आत सगळं चालू असताना चकती हालत नाही हे तुम्ही अर्धा तास उभं राहून बघितलं, टिपून घेतलं आणि चारचौघांत नाव न काढता किती सभ्यपणानं सुचवलंत. तुमच्यासारखा समंजस माणूस मंडळात दुसरा नसेल. बदल्यात मागितलं काय, तर एका नर्सबाईला बक्षीस. आधी मला वाटलं तुमची कोणी नातलग असेल, पण चौकशी केली तर तसंही नाही.

मी चष्मा काढलेला होता, दादासाहेब. मला काही दिसत नव्हतं. हे वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. लाउडस्पीकरवर पाहुण्यांना स्थानापन्न व्हायला सांगत होते. हिरवळीवर पहिल्या रांगेत एक उंच, सडपातळ बाई कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, पर्स मांडीवर धरून बसली होती. ती दोन गाड्या बदलून आली होती. मी व्यासपीठावर जाऊन माझ्या खुर्चीवर बसलो.

त्या तासाभरात मला काय वाटलं ते धड सांगता येत नाही. अकरा माणसांसमोर केलेलं भाषण आठवून कानशिलं तापत होती. माझं बोलणं तिथं कुणीच ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं ते एकानंच, आणि तेही दुसरंच काही. खडकीकर तहसीलदारांचा आधी विशेष सन्मान झाला, त्यांना मुख्य पुरस्कारापेक्षा मोठी शाल होती. मग डिग्गीकरांनी निकालपत्र वाचलं. हेमलता मेस्त्री यांच्या लेखणीतून गतकाळ जिवंत होतो, असं म्हणून ते रणवर्णनांवर आले तेव्हा टाळ्या पडल्या. मेस्त्रीबाई टाळ्या वाजवणाऱ्यांकडं वळून बघत होत्या. सत्काराला उत्तर म्हणून त्या चार वाक्यं बोलल्या, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसल्या.

चहाच्या वेळी त्या सरळ माझ्याकडं आल्या. व्यासपीठावर निकालपत्र वाचलं जात असताना खाली मान घालून बसलेला मी एकटाच होतो, असं त्यांनी नंतर सांगितलं.

"माझ्या पुस्तकात लढाई कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

आम्ही बंगल्याच्या बाजूच्या पायऱ्यांवर बसलो आणि मी त्यांना सगळं सांगितलं. मासिकात गळालेलं 'मीटर', पाकिटावरचं डॉक्टर, खोडलेलं नाव, आत्ता व्हरांड्यात कळलेली गोष्ट. बोलताना मी त्यांच्याकडं बघत नव्हतो. वाटलं होतं, त्या रडतील किंवा शाल माझ्या अंगावर टाकून निघून जातील.

"म्हणजे पुस्तक कुणी वाचलंच नाही," त्या म्हणाल्या.

"मी वाचलं. दोनदा."

त्यांनी पर्स उघडून पेन काढलं. निमंत्रणपत्रिका उलटी करून गुडघ्यावर ठेवली.

"मग सांगा, कुठे चुकलंय?"

मी चांगलं काय काय आहे ते सांगू लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं. चांगलं काय ते मला माहीत आहे, म्हणाल्या, ते मी रात्रपाळ्या करून लिहिलंय, जे चुकलंय ते सांगा. वीस वर्षं मी अनोळखी लोकांना न विचारता चुका कळवत आलो होतो, आणि आता समोर बसून कुणी विचारत होतं तर माझी जीभ जड झाली. शेवटी सांगितलं. शेवटाआधीचं तीन पानांचं स्वप्न काढायला हवं. सुमित्रा हुशार आहे, तिला पुरावा स्वप्नात कशाला दिसायला पाहिजे. त्यांनी लिहून घेतलं. आणि पान साठ. नेमकं हवं ते बोलणं तिला दाराआडून ऐकू येतं, हे सोयीचं आहे. तिथं त्यांचं पेन थांबलं.

"वॉर्डात दारं लावत नाहीत," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकू येतं. नको ते पण."

"वाचणाऱ्याला ते ठाऊक नसतं."

"मग वाचणाऱ्यानं वॉर्डात येऊन बसावं."

असं आम्ही किती वेळ भांडलो. डिग्गीकर दोनदा येऊन बघून गेले. माझी साडेसहाची गाडी चुकली. उठताना त्यांनी विचारलं की आता त्या दादासाहेबांना सांगणार का, की तुम्ही काहीच बघितलं नव्हतं. मी म्हटलं, सांगितलं तर तुमचा पुरस्कार. त्या म्हणाल्या, परत मागितला तर देईन, ते सन्मानचिन्ह एवढं मोठं आहे की माझ्या क्वार्टरमध्ये ठेवायला जागा नाही.

त्याच आठवड्यात मी दादासाहेबांना पत्र लिहिलं. त्या दिवशी माझा चष्मा रुमालात होता, मीटर मी बघितला नव्हता, कागदावर फक्त कादंबऱ्या होत्या, तरी आपला गैरसमज झाला असल्यास क्षमस्व. त्यांनी स्वतः जे कबूल केलं होतं ते मी आमच्या इंजिनिअरसाहेबांना सांगितलं. त्यांनी कळवायचं तिथं कळवलं, पण जुना मीटर आता कुणाच्याच हाती नव्हता. दादासाहेबांचं उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी पुरस्काराची जाहिरात आली तिच्यात दोन नवे नियम होते. परीक्षक पदव्युत्तर पदवीधारकच असावेत, आणि पुरस्कार फक्त ऐतिहासिक कादंबरीला. त्या वर्षी तो 'बुरुजावरचा वणवा, भाग दुसरा' या पुस्तकाला मिळाला, एकमताने. मासिकाला लिहून मी माझं 'मीटर' परत लावून घेतलं. त्यानंतर त्यांनी माझं एकच पत्र छापलं, तेही निम्मं कापून.

दीड वर्षानं देवगडहून एक पार्सल आलं. 'साडेचारचा डोस', दुसरी आवृत्ती. मी उभ्यानंच चाळलं. तीन पानांचं स्वप्न गेलं होतं आणि गोष्ट धावत होती. पान साठ उघडलं तर एक अक्षरही बदललेलं नव्हतं. तिथंच घडी करून एक चिठ्ठी ठेवली होती, बारीक, सरळ, औषधाच्या वहीत लिहावं तशा अक्षरात. पहिली ओळ होती, 'पान साठ तसेच ठेवले आहे. तुमचे मत मला पटले नाही. कारणे खाली देते.' खाली दोन्ही बाजू भरून कारणं होती, आकडे घालून, एकूण सात.

मी ती चिठ्ठी महानंदेला वाचून दाखवली. तिला सातही कारणं पटली. मला दुसरं आणि पाचवं अजिबात पटलं नाही. मी चष्मा पुसला, पान साठ पुन्हा एकदा नीट वाचलं आणि मेस्त्रीबाईंना उत्तर लिहायला बसलो.